अडकित्त्यावरची पूड

संशय घेणं हा माझा जुना स्वभाव. नांदेडला वीस वर्षं उत्तरपत्रिका तपासून तो आणखीच पक्का झाला.

उदगीरला माझ्या वडिलांना, अप्पांना, ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉल दोन्हींवर मिळून रोज एकच गोळी सुरू झाली. दर रविवारी मी पिशवीत प्रेशरचं यंत्र घालून जायचे. अप्पांचं प्रेशर मोजायचं, मग पाकिटातल्या गोळ्या मोजायच्या. गोळ्या रोज एक याप्रमाणे बरोबर कमी होत होत्या. प्रेशर मात्र खाली यायचं नाव घेईना.

आधी संशय औषध दुकानदारावर गेला. नकली माल देत असणार! दुकान बदललं, काही फरक नाही. मग वाटलं, अप्पा गोळ्या मोरीत टाकतात. मग अव्वावर, म्हणजे आईवर, घसरले. ही चोरून लोणचं वाढत असणार.

"मीठ तर पार सोडलंय, बाई," असं म्हणून ती डोकं दाबत बसायची. तिचं डोकं अलीकडे सारखं दुखायचं. चोरी पकडली की दुखतं, अशी माझी खात्री होती.

एका रविवारी जेवणानंतर सुपारी कातरायला अडकित्ता घेतला, तर पात्याला पांढरी पूड. मी तो अप्पांसमोर धरला.

"हे काय हाय?"

अप्पांनी अडकित्ता माझ्या हातातून काढून घेतला. "गोळी कातरायलोय. अर्धी मी, अर्धी तुझ्या अव्वाला."

"काय?"

"एका गोळीत दोन औषधं हायत म्हनला डॉक्टर. मधी रेघ बी हाय. हिचं डोकं लई दुखतंय, म्हनून प्रेशरचा तुकडा हिला, चरबीचा मला. दवाखान्यात चल म्हनलं तर येत न्हाई."

"कापडाचा तागा हाय का अप्पा, फाडून वाटायला?" जन्मभर कापडाचं दुकान चालवलेल्या माणसावर मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही डॉक्टरांपुढे बसवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की दोन्ही औषधं गोळीत सगळीकडे सारखी मिसळलेली असतात, रेघेनं ती वेगळी होत नाहीत. म्हणजे अप्पांना दोन्ही औषधं निम्मीच मिळत होती. आणि एकाची गोळी दुसऱ्यानं तपासणीशिवाय घ्यायचीच नाही, मग ती अर्धी का असेना.

मग त्यांनी अव्वाचं प्रेशर मोजलं. ते अप्पांपेक्षा जास्त होतं. रक्त तपासून तिचं औषध वेगळं ठरवू, असं म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

"यांचं याआधी कधी मोजलं होतं?"

यंत्र माझ्या पिशवीतच होतं. मी ती खुर्चीखाली सरकवली. दर रविवारी यंत्र काढलं की अप्पांच्या हाताखाली उशी आणून ठेवायची ती अव्वाच. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या मला तिच्या दुखण्याचा संशय एकदाही आला नव्हता.