सागातलं गवत

लोकांना बिबट्याची भीती वाटते, अस्वलाची वाटते. मला त्या वर्षी गवताची वाटायची.

मोताळ्याजवळच्या आमच्या मुरमाड वावरात सोयाबीन कधी धड आलं नाही, म्हणून आम्ही नवरा-बायकोनं तिथं साग लावला. तिसऱ्या वर्षी रोपं माझ्या खांद्याला लागली. कोवळं पान चोळलं की बोटं लाल व्हायची आणि मला उगाच आनंद व्हायचा. पण पावसाळ्यात मधल्या जागेत कमरेएवढं गवत माजलं, आणि ते कापायला माणूस मिळेल तर शप्पथ! आधी सगळ्या बाया सोयाबीन सोंगायला, मग कापूस वेचायला. संक्रांत गेली, गवत वाळून कडकडीत झालं. शेवटी आम्हीच विळे उचलले. आधी एकेका झाडाभोवतीचं आळं मोकळं केलं, म्हणजे आग आलीच तर खोडाला भिडू नये. धुऱ्याकडचा, बांधालगतचा पट्टा मात्र राहिला, कारण यांचे गुडघे कुरकुरायला लागले. "करू आठ दिवसानं," म्हणाले. यांचे आठ दिवस मला ठाऊक नाहीत का!

धुऱ्यापलीकडे यांच्या चुलतभावाचं वावर. त्याच धुऱ्यावरून दोघांचं भांडण झालं, तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला. हे तर तिकडे बघतही नसत. मला अगदीच काही सांगायचं झालं तर मी माझ्या शेळीला सांगायची, आणि भाऊजी त्यांच्या बैलाला. ज्यानं ऐकायचं तो ऐकायचा. हसू नका, आमच्याकडे असे अबोले पोराबाळांपर्यंत चालतात.

त्या दिवशी हे मोताळ्याच्या बाजाराला गेले होते. मी शेळी घेऊन वावरात आले, तर भाऊजींनी धुऱ्यावर पालापाचोळा आणि कापसाची वाळकी पऱ्हाटी ओढून ठेवलेली. धुरा पेटवायचा बेत! आणि वारा आमच्याकडे.

"बकरे, आपलं गवत अजून उभंच हाय वं," मी मोठ्यानं म्हणाले. "वारा पाह्य कसा सुटला. आज कोणी काडी लावू नये बापा."

भाऊजी बैलाकडे वळले. "ऐक राजा, लोकायचं गवत आपण वाढवलं का? धुरा आपला, काडी आपली."

अस्सा राग आला! पण भांडून गवत थोडंच कापलं जातं? पदर खोचला आणि धुऱ्याच्या कडेनं सपासप कापत सुटले. दर वेळी मान वर करून बघायची, लावली का? नाही. ते नुसते बसून होते. वाटायचं, माझ्यासाठी थांबलेत. लगेच वाटायचं, छे, मी घरी कधी जाते याची वाट बघतायत. घामानं विळ्याची मूठ निसटत होती, आणि पट्टा काही केल्या सरत नव्हता. उन्हं कलली, वारा पडला. तेव्हा कुठं त्यांनी काडी लावली.

आधी बरं चाललं होतं. मग कुठून एक वावटळ उठली मेली, आणि जळती पऱ्हाटी उडून माझ्या न कापलेल्या गवतात पडली. बघता बघता आग सागात शिरली.

"भाऊजी!" मी किंचाळले. शेळी-बिळी काही आठवली नाही. "भाऊजी, धावा!"

ते धुरा ओलांडून धावत आले. पळसाच्या ओल्या फांद्या मोडून आम्ही दोघं आग झोडपत सुटलो. "वहिनी, मांगं सरा! पदर सांभाळा, वहिनी!" ते ओरडत होते. आग विझली तेव्हा दोघांनाही ठसका लागला होता. आळी मोकळी होती म्हणून खोडं वाचली, दोन ओळींची पानं तेवढी करपली. भाऊजी खाली मान घालून निघून गेले. बैलालाही काही बोलले नाहीत.

संध्याकाळी हे आल्या आल्या मी धुऱ्यावरची आग सागात शिरल्याचं सांगून टाकलं.

"इझवली कोणं?"

"भाऊजींनी."

"कोणचे भाऊजी?"

खरंच विचारलं हो त्यांनी. मी समोर त्यांच्या घराकडे बोट केलं, तेव्हा यांच्या लक्षात आलं. हातातली पिशवी तिथंच टाकून, चपला न काढता, तरातरा समोरच्या घरात शिरले. मी मागं धावले, पण त्यांच्या दारापाशी थबकले. आता होतंय पोलीस-कचेरी, म्हटलं. साग वाचवायला हाक मारली, आता माणसं एकमेकांच्या जिवावर उठणार. आतून यांचा आवाज आला.

"काडी काऊन लावली बे?"

बे! इतक्या वर्षांत तिकडे एक अक्षर टाकलं नव्हतं, आणि आता हे. परक्या माणसाला यांनी आजवर कधी बे म्हटलेलं नाही.

"मंग तू इतकं गवत काऊन ठेवलं बे?" भाऊजी आतून कडाडले.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच पायरीवर मटकन बसले आणि तोंडाला पदर लावून रडले. संक्रांतीपासून मी यांना हेच तर विचारत होते.