वरणाची बादली

मेहकरात मास्तरकी करतो, पण लोकांना आपण शेतीतला माणूस वाटावं, अशी माझी फार हौस. म्हणून गावाकडच्या मित्राच्या ट्रॅक्टरवर बसून फोटो काढला आणि ‘मातीशी नातं’ असं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकला. अंगठे येत होते, मी दर दोन मिनिटांनी मोजत होतो. तेवढ्यात मित्रानं सगळ्यांदेखत खाली लिहिलं, ‘ट्रॅक्टर माहा हाय. उतर बे खाली, पेरणी खोयंबली.’ त्या ओळीला माझ्या फोटोपेक्षा जास्त अंगठे पडले. पहिलीपासूनच्या या मित्राला मी ग्रुपमधून काढलं, वर ब्लॉकही केलं. ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच होतो ना!

वर्षभरानं मुलीचं लग्न गावातच निघालं. पत्रिकेचा फोटो एका बोटानं सगळ्यांना धाडला. बायको म्हणाली, “तुमच्या त्या ट्रॅक्टरवाल्या दोस्ताच्या घरी जाऊन आवतन देऊन या. दोन गल्ल्या त हाय.” मी गेलो नाही. अकड, दुसरं काय.

आमच्याकडे पंगतीत वाढायचं काम मित्रांचं. ‘कोण कोण वाढणार?’ असं ग्रुपवर विचारलं, तर नुसते अंगठेच अंगठे. लग्नाच्या दिवशी मात्र ते सगळे अंगठे पंगतीत बसून वरणाची वाट पाहत होते. व्याही माझ्याकडे बघत होते, आणि मी मोबाईलवर ‘कोण कुठे आहे?’ असं टाईप करत होतो.

एवढ्यात बाह्या सरसावून कोणीतरी बादली उचलली. तोच होता. त्यानं तीन पंगती वाढल्या, व्याह्यांना आग्रह करकरून बुंदी खाऊ घातली, हात धुतले आणि चपला घालून निघाला.

मी मागे धावलो. “जेवला नाही तू?”

“मले आवतन नाही.”

“मंग वाढलं काऊन?”

“वाढाले कुठं आवतन लागते?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खिशातून मोबाईल काढला.

“काय करून राह्यला बे?”

“तुले अनब्लॉक करून राह्यलो.”

“तोंड हाय ना तुले? तोंडानं म्हण ना.”

“जेवाले चाल,” मी म्हणालो.

त्यानं चपला काढल्या. मांडव रिकामा झाला होता. तो बसला, मी बादली धरली. जन्मात पहिल्यांदा वाढत होतो. अर्धं वरण ताटात, अर्धं त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर.

त्यानं पायजम्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आता काढ फोटो,” तो म्हणाला.