वारा नसताना फिरलेली पाती

आमच्या चाचणीखोलीत शंकासुर कोण, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं. मीटरने बारा व्होल्ट दाखवले की ते दुसरा मीटर मागवायचे, आणि दोन्ही आकडे जुळले की म्हणायचे, "दोघांनी आधीच ठरवलेलं दिसतंय." तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणत असू. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. जेवणाचा डबा उघडतानासुद्धा झाकण कुणी हलवलंय का, ते आधी बघायचे. मला चीड यायची. पण त्यांच्या सहीने बाहेर पडलेलं एकही यंत्र कधी परत आलं नव्हतं, हेही खरं.

अशा माणसाकडे त्यांच्या जावयांनी स्वतः बनवलेली पवनचक्की तपासायला आणली. लहानशीच, पण नोकरी सोडून, घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून केलेली. डोंगरावरच्या दवाखान्याला लसींच्या फ्रिजसाठी ती हवी होती, मात्र आमचा दाखला शुक्रवार संध्याकाळपर्यंत मिळाला तरच. नाही मिळाला तर शेड बंद करून पुन्हा नोकरी शोधायची, असं त्या दोघा नवराबायकोचं ठरलं होतं. काकांचा या जावयांवर लग्नाआधीपासूनच भरवसा नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "फार कमी बोलतो. पोटात काहीतरी असल्याशिवाय माणूस इतका गप्प बसत नाही."

ही चाचणी दुसऱ्या कुणाला द्या, असं मी साहेबांना सुचवून पाहिलं. साहेब हसले. "अगं, सासरा झाला म्हणून हा माणूस सूट देईल होय? मला उलट जावयाचीच काळजी वाटते."

सोमवारी गच्चीवर खांब उभा केला, शेजारी वाऱ्याचा वेगमापक लावला, खाली बॅटरी जोडली. वारा चांगला होता. मी आकडे वाचत होते, काका वहीत उतरवत होते. जावयांनी या वाऱ्याला अडीचशे वॅट सांगितले होते, निघाले दोनशे ऐंशी. दुसरा सासरा खूश झाला असता. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"सांगितल्यापेक्षा जास्त देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही," ते म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय." मग त्यांनी वायरिंगचा खोका उघडायला घेतला आणि मला खाली पिटाळलं. कुणी बघत असलं की त्यांना काम सुचायचं नाही.

बुधवारी सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. वेगमापक शून्यावर होता आणि पाती मात्र निवांत फिरत होती. वीज उलटी जात होती. चक्कीने बॅटरी भरायची, ते सोडून बॅटरीच चक्कीला पंख्यासारखं फिरवत होती आणि स्वतः उतरत चालली होती.

"बघितलंस?" काका म्हणाले. "वारा पडला की ही फ्रिजचीच वीज पिणार. लसी जातील वाया." त्यांनी वहीत मोठ्या अक्षरात 'नापास' लिहिलं आणि चक्क शीळ घातली. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. तेच मला खटकलं.

दुपारी मी एकटीच गच्चीवर गेले. वारा तसाच पडलेला, पण आता पातीही थांबली होती. मी खोका उघडला. आत डायोड असतो, म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. त्यातून ती बॅटरीकडे जाते, परत येऊ शकत नाही. त्या डायोडच्या दोन्ही टोकांवर वायरच्या चिमट्याच्या दातांचे ताजे ओरखडे होते. खाली येऊन वही चाळली. सोमवारच्या पानावर काकांच्या अक्षरात शेवटची ओळ होती: 'डायोड वगळून आकडा घेतला, लाल वायर.' वायर काढल्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे ती वायर दोन दिवस तिथेच राहिली होती, डायोडला बगल देऊन विजेला परतीची वाट देत, आणि आज सकाळनंतर कुणीतरी ती काढली होती. गच्चीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक माझ्याकडे होती.

"काका, खोक्यात लाल वायर—"

"कसली वायर?" माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, आणि डबा तसाच सोडून उठले.

मी तेव्हाच साहेबांकडे जायला हवं होतं. नाही गेले. भीती वाटली मला, त्यांची आणि माझ्या नोकरीचीही. दोन दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवली. त्यांनी खण उघडला की मी मान वर करायचे, ते उठले की मी घड्याळ बघायचे. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. वही ते कपाटात कुलूप लावून ठेवू लागले.

शुक्रवारी दुपारी मुलगी आणि जावई आले. जावयांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. आता भांडण होणार म्हणून मी वाट बघत होते.

"डायोड मी स्वतः तपासून बसवला होता," ते म्हणाले. "पण बाबांनी लिहिलंय म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. उद्यापासून शेड रिकामी करायला घेतो."

मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघांच्याही चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता. काकांना तेच सोसलं नाही.

"थांबा, जावईबापू." ते म्हणाले. "चूक माझी आहे. सोमवारी मी एक वायर जोडली आणि काढायची विसरलो. तुमच्या चक्कीत काही दोष नाही. मला परवा दुपारीच कळलं होतं. तुम्ही चुकलात असं समजून इतका आनंद झाला होता मला, की तो सोडवेना. लाज वाटते सांगायला."

मुलीने टेबलावरचा अहवाल उचलला आणि शेवटचं पान उलटलं.

"बाबा, ही सही आज सकाळची आहे."

"हो," काका म्हणाले.

जावई माझ्याकडे वळले. "ताई, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. परत तपासाल?"

मी गच्चीची किल्ली घेतली. काकाही सवयीने मीटर उचलून उठू लागले. मुलीने तो त्यांच्या हातातून काढून माझ्याकडे दिला.

"तुम्ही इथेच बसा, बाबा," ती म्हणाली.