जन्माला पुरेल अशी टाकी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या घरामागची संडासाची जुनी टाकी बुजवायची ठरवली. चार वर्षं ती बंदच होती. वरच्या स्लॅबचा एक कोपरा खचला आणि त्यात शेळीचा पाय अडकला. शेळी वाचली, पण पुढच्या आठवड्यात माझी लेक तिचं रांगतं बाळ घेऊन येणार होती. नवरा म्हणाला, "पेरणी झाल्यावर बघू." त्याचं 'बघू' मला सत्तावीस वर्षांपासून माहीत आहे. मीच निलंग्याला फोन लावला आणि टाक्या उपसणारी गाडी बोलावली.

ही टाकी माझ्यासाठी बांधली होती. म्हणजे कागदावर नाही, पण अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. माझं माहेर लातूरचं, डाळमिलच्या मागच्या गल्लीतलं. सोयरीक जमायच्या वेळी माझे वडील एवढंच म्हणाले, "पोरीला बाहेर जायची सवय नाही." समोर माझी होणारी सासू बसली होती. तरुणपणीच विधवा झालेली बाई, गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूती. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बांधते."

त्यांनी खड्डा घ्यायला लावला तो दीड पुरुष खोल आणि खोलीएवढा रुंद. गवंडी वैतागला. "बाई, टाकी बांधायची का हीर खांदायची?" आत्या म्हणाल्या, "माझ्या सुनेच्या जन्माला पुरली पायजे." विटा त्यांनी स्वतः डोक्यावरून वाहिल्या. हे मला लग्नानंतर शेजारणीनं सांगितलं, आणि सांगताना 'बघ, तुझ्यापायी काय काय झालं' असा सूर लावायला ती विसरली नाही.

लग्नाला आठ दिवस झाले तरी पाहुण्या बायका हलल्या नव्हत्या. उदगीरकडच्या दोन मावश्या, चुलत नणंदा, त्यांची पोरं. नव्या संडासाचं सगळ्यांनाच अप्रूप. सकाळी तिथं रांग लागायची आणि रांगेच्या शेवटी बादली धरून मी, हातातला चुडा वाजवत, मनातल्या मनात चरफडत. त्या दिवशी दार उघडून आत्याच बाहेर आल्या. चेहरा एकदम खुललेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या आठवड्यात त्यांना पहाटेच्या अंधाराची वाट बघावी लागली नव्हती. आणि मी हसत हसत म्हटलं, "आत्या, अशी सगळी जत्रा इथंच लोटली तर दोन महिन्यांत टाकी भरेल. आणि भरली की मी चालले लातूरला!"

बायका हसल्या. आत्या हसल्या नाहीत.

"खरंच भरती का गं?"

"भरणारच की. टाकी ती टाकी."

लातूरची म्हणून मला टाकीतलं कळतं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. माहेरी आमचा संडास थेट गटारीला जोडलेला होता. टाकी कशाशी खातात तेही मला माहीत नव्हतं. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी, माघार कशाला घेईन?

दुसऱ्या दिवशी संडासाच्या दाराला कुलूप दिसलं. किल्ली आत्यांनी माझ्या हातात दिली. "तुझ्यापाशी ठिव. पाहुण्याला नको देऊ." आणि स्वतः पहाटे टमरेल घेऊन पुन्हा उसाकडे गेल्या. मी किल्ली माझ्या कपाटाच्या किल्लीबरोबर कमरेला खोचली. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. सासरी पहिल्या महिन्यातच एक अख्खी खोली, छोटी का होईना, फक्त माझी झाली होती.

त्यानंतर तेवीस वर्षं त्या बाहेर गेल्या. नवराही शेतातच जायचा, पण गड्याचं काय, त्याला कुठंही आडोसा सापडतो. आत्यांचं तसं नव्हतं. उजाडायच्या आत जायचं, नाहीतर दिवस मावळेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुततो, तरी जायच्या. तापाने फणफणलेल्या असल्या तरी जायच्या. संध्याकाळी अर्धीच भाकरी खायच्या आणि पाणी तर घोटभरच. मी समजत होते, वय झालं, भूक कमी झाली. कधी कुणी विचारलं तर मी म्हणायची, "त्यांना सवय हाय हो, आत कोंडल्यासारखं होतं." हे त्या मला कधीच म्हणाल्या नव्हत्या. मीच ठरवलं होतं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. माझी लेक मोठी झाली तेव्हा किल्लीची दुसरी मालकीण ती झाली. तिसरी किल्ली करावी असं कुणाला सुचलं नाही.

मग एका पहाटे त्या बांधावरून घसरल्या आणि खुबा मोडला. लातूरला ऑपरेशन झालं, पण त्या उठल्या नाहीत. त्यांना खुर्चीवरून नेता यावं म्हणून आम्ही घराला लागूनच नवा संडास बांधला, कमोडचा. तेव्हापासून जुना बंद. नव्या संडासातही त्या जाईनात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हेची टाकी केवढी?" नवरा आईला म्हणाला, "आता एवढ्या मोठ्या करत न्हाईत, अव्वा. दोन लहान खड्डे हायत." त्यांनी मान हलवली आणि पलंगावर भांडंच मागितलं.

ते भांडं मीच करायची. एकदा माझा पारा चढला. दमलेही होते आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसंही असेल. मी म्हटलं, "घरात एवढा संडास असताना तुम्ही अंधारात बांधावर कामून जायच्या हो, आत्या?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तूच म्हणली व्हतीस की. टाकी भरली की जाईन म्हून."

मला ते वाक्य आठवायलाच दोन दिवस लागले. आठवलं तेव्हा मी चुलीपुढे होते. भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

मी त्यांना सांगायला गेले की ती चेष्टा होती. पण त्यांनी आधीच विचारलं, "आता कितीक भरली असंल गं?" मी म्हटलं, "अजून न्हाई भरली, आत्या." त्यांचा चेहरा तसाच खुलला, जसा लग्नानंतर त्या दाराबाहेर येताना खुलला होता. "मंग बरं झालं. राखली म्हून पुरली." यावर चेष्टा होती असं कुठल्या तोंडानं सांगणार? आठ महिन्यांनी त्या गेल्या. आमच्यात पुरतात. शेतातच, उसाच्या वरच्या अंगाला त्यांना माती दिली.

तेव्हापासून मी स्वतःची समजूत घालत आले की, त्यांनी राखली म्हणून तर पुरली. चेष्टेत म्हटलं असलं तरी खोटं नव्हतं. टाकी काठोकाठ आलीच असेल. त्यांचे कष्ट वाया नाही गेले.

गाडीवाला निलंग्याहून आला. पोक्त, अबोल माणूस. त्यानं पहारीनं झाकण सरकवलं आणि आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं. "वाकून बघू नका, आत वायू असतोय." शेजारी म्हणाला, एखादा गडी उतरवून बघू का, तर तो त्याच्यावरच खेकसला. "मरायला उतरवतो का त्याला?" मग त्यानं लांब वेळू आत सोडला, तळाला टेकवला आणि वर काढला. वेळूचं टोक तेवढं काळं झालं होतं. हातभरसुद्धा नाही.

"बाई, हेच्यात उपसायचं काय? सुकून माती झाली. चुना टाका आन मुरूम भरा." मग त्यानं विचारलं, "घरात माणसं किती व्हती?"

"चार."

"चौघं वापरायची आन एवढंच?"

"दोघी," मी म्हटलं. "मी आणि लेक."

"तरीच. खालचा तळ कच्चा ठिवलाय, पाणी जिरून जातंय. लई मोठी केल्ती कुणीतरी."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "अजून एक माणूस असतं तर? एक म्हातारी?"

तो हसला. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. "एक म्हातारी काय भरणार, बाई? अजून धा माणसं असती तरी तुमच्या हयातीत भरली नसती."

तो पाइप न सोडताच निघून गेला. नवरा मुरमाच्या ट्रॅक्टरचं बोलायला गावात गेला. मी जुन्या संडासाच्या दारापाशी गेले. कुलूप गंजलं होतं, किल्ली अजून माझ्याच जुडग्यात होती. ती फिरेना, मग घरातलं तेल आणून सोडलं तेव्हा कुठं उघडलं. मी दार सताड उघडलं आणि बाजूला झाले, कुणाला तरी वाट द्यावी तशी. "आत्या, तुम्ही बी इथंच जावा," मी म्हटलं. एवढंच म्हणायचं होतं. तेवीस वर्षांत कुठल्याही सकाळी म्हणता आलं असतं.