भिंतीला खिळा नसलेलं घर

"घर विकत घेणं म्हणजे आपल्याच पायात दावं बांधून घेणं!" हे माझं लाडकं वाक्य. बारामतीत एकाच भाड्याच्या घरात एकवीस वर्षं काढली आणि येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर ते पाजलं. मेहुण्यानं इंदापूर रस्त्याला दोन गुंठे दाखवले, तेव्हा तर त्या माळावर मी असं भाषण ठोकलं की एजंटसुद्धा पोट धरून हसला. बायको हसली नाही. त्या दोन गुंठ्यांभोवती एक फेरी मारून ती मुकाट्यानं गाडीत जाऊन बसली.

मग मुलाचं लग्न काढलं. आमच्याकडे मुलगी देण्याआधी माणसं घर बघायला येतात. स्थळ इंदापूरचं, मुलं एकमेकांना पसंत. मध्यस्थानं एवढंच बजावलं, "घर सवताचं पायजे. दुसरी अट न्हाय."

मला तर चेवच चढला. घरमालक लोणी भापकरला शेतावर राहायचे, महिन्यातून एकदा भाडं न्यायला दारापर्यंत यायचे. दारावरची त्यांची पाटी काढली, माझी चढवली.

"असलं काही करू नका," बायको म्हणाली.

"अगं, दोन तासांचा तर खेळ!"

पाहुणे आले, पोहे झाले. भिंतीवर थाप मारत मी हॉल कसा वाढवून घेतला ते रंगवून सांगत होतो. मुलीचे आजोबा मात्र घर न्याहाळत होते. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. घड्याळ फ्रिजवर. माझ्या आईचा फोटो कपाटाला टेकवून ठेवलेला.

"पाव्हणं, घर कवा बांधलं?"

"झाली की वीस वर्षं, आबा."

"आन् वीस वर्सांत भितीला येक खिळा न्हाय मारला?"

खिळा मारायचा नाही, ही मालकांची अट. ती इतकी अंगवळणी पडली होती की पाटी बदलताना भिंतींकडे बघायचं सुचलंच नाही. मी आबांना आणखी चहाचा आग्रह केला.

दारात पायताण घालताना आबा म्हणाले, "पाटी झ्याक हाय बगा."

संध्याकाळी मालकांची पाटी परत चढवत होतो, तेवढ्यात नकार आला. मुलगा ताटावरून उठून गेला. बायकोनं वरवंटा घेतला, हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला आणि आईचा फोटो टांगला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन महिन्यांनी मालक पेढे घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "पोराचं लग्न ठरलं. आता खोल्या लागत्यात आमाला."

घर सोडताना मी खिळा उपटला, भोक टूथपेस्टनं लिंपलं. कारागिरी अशी की मालकांनी भिंतीवरून हात फिरवला तरी कळलं नाही.

"येकवीस वर्सं ऱ्हायला, पर भितीला वरखडा न्हाय! असा भाडेकरू शोधून मिळायचा न्हाय."

सवयीनं मी झोकात कमरेत वाकून मुजरा केला. वर पाहिलं तर बायको टेम्पोत जाऊन बसली होती, मांडीवर सासूचा फोटो घेऊन.