घरी राहिल्याची शपथ

माणसानं आपल्याच घरी राहावं असाही कायदा असतो, हे मला कलकत्त्यात कळलं. म्हणजे कायदा अमेरिकेचा, पण कळला कलकत्त्यात, बालीगंजच्या आमच्या भाड्याच्या घरात. पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. बरोबर सासूबाई. आणि धाकटे दीर अमेरिकेला शिकायला गेलेले. आपल्या खर्चानं नव्हे हं. दोन देशांनी एकमेकांची माणसं बोलावून शिकवायची, अशी काहीतरी योजना होती, तिच्यातून. सासूबाईंनी तेव्हाच यांना विचारलं होतं की अदलाबदल म्हणता, तर आपला मुलगा नेला त्याच्या बदल्यात इकडे कोण आलं? पुढे भाऊजी तिकडचीच बायको करून घेऊन आले. सासूबाईंनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आली बघ अदलाबदलीची."

तर कायदा असा. या योजनेतून गेलेल्यानं शिक्षण संपलं की मायदेशी परतायचं, तिथे दोन वर्षं राहायचं, आणि मग तिकडे कायमचं जायचं असेल तर अर्ज करायचा. बायको तिकडची असली तरी सुटका नाही. माझ्या जावेला आधी वाटलं होतं, मी इथली लेक, हा माझा नवरा, याला कोण अडवणार? तिथल्या कचेरीनं सांगितलं की लग्नानं दोन वर्षं कमी होत नाहीत. तिला मात्र कसलंच बंधन नव्हतं. ती खुशाल तिथे राहू शकत होती. तिचे वडील म्हातारे, शेतावर एकटे, एक हात चालत नव्हता. तरी ती नवऱ्यामागून आली. आमच्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या मराठी बायका मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, हिला कुणी सांगितलं होतं यायला? मलाही तेच कुतूहल होतं. एकदा मी तिला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, तू माहेरचं नागपूर सोडून इथे का आलीस? मी म्हटलं, अगं, माझी गोष्ट वेगळी. आणि चहा ठेवायला उठले.

सासूबाईंना हा कायदा फार पसंत होता. शहाणं सरकार म्हणायच्या. शिकवलं आणि आईकडे परत पाठवलं.

मला वेगळाच प्रश्न पडायचा. मायदेशी म्हणजे नक्की कुठे? भाऊजी वाढले साताऱ्याकडे, आणि राहत होते कलकत्त्यात, जिथे भाजीवाल्याशी बोलायलासुद्धा आम्हाला हातवारे करावे लागत. यांनी सांगितलं की अमेरिकेच्या लेखी सगळा हिंदुस्थान एकच घर. मला गंमत वाटली. इथे आम्ही स्वतःला परगावचे समजतो आणि तिकडचं सरकार आम्हाला घरी आहेत म्हणतं. जाऊ मात्र गडियाहाटच्या बाजारात रुळली. तिचं बंगाली मराठीच्या पुढे गेलं. स्वयंपाकघरात वांग्याला बेगुन म्हणायची आणि सासूबाईही हो हो म्हणत वांगंच हातात द्यायच्या.

दोन वर्षं भरली. भाऊजींनी अर्ज केला. वकिलातीतल्या साहेबानं कागद पाहिले. नोकरी लागल्यापासूनचं कंपनीचं पत्र होतं. पण आल्यावर पहिले काही महिने भाऊजींना काम नव्हतं, ते घरीच होते. त्या महिन्यांचं काय? साहेबाला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं शपथेवरचं निवेदन हवं होतं, मॅजिस्ट्रेटपुढे केलेलं. आता पाहा, त्या महिन्यांत हे नेमके शिलाँगला कामावर गेलेले. मीही तेव्हा बाळंतपणाला माहेरी. जावेचं सांगणं नवऱ्यासाठीच, ते कसं चालणार? राहिल्या एकट्या सासूबाई.

भाऊजींनी संध्याकाळी त्यांना समजावून सांगितलं. आई, एवढंच सांगायचं की मी इथे होतो. सासूबाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या. शपथेचं आलं तशा म्हणाल्या, "मी शपथ घ्यायची नाही." आणि उठून देवापाशी जाऊन बसल्या.

जाऊ माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. तिच्या वडिलांचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. शेजाऱ्यांनी लिहून दिलेलं, खाली त्यांची वेडीवाकडी सही. ती म्हणाली, आई त्याला सोडणार नाहीत. मलाही तसंच वाटत होतं. भाऊजींनी दोन दिवस आईशी बोलणंच टाकलं. जेवायला बसायचे, उठायचे. हे म्हणाले, सक्ती करू नका, तिचा मुलगा आहे.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरेना. सासूबाई त्याच दोन दिवसांत भाजणी भाजत होत्या, मेतकूट करत होत्या, आणि डबे मोठे आणायला सांगत होत्या. बोटीवर सांडायला नको म्हणून झाकणं घट्ट बघ, म्हणाल्या. मुलाला अडवायचं तर बोटीच्या डब्यांची काळजी कशाला? तिसऱ्या दिवशी त्या धणे भाजत होत्या, मी शेजारी बसले आणि विचारलं की आई, शपथ का नको?

त्यांनी कढईवरची नजर काढली नाही. "लेकराची शपथ घ्यायची नसते. खरी असली तरी नाही. आणि त्याला समुद्र ओलांडायचाय."

मला उलगडा व्हायला क्षणभर लागला. त्यांची समजूत अशी की कोर्टात भाऊजींना पुढे उभं करतील आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बोलायला लावतील. आमच्याकडे शपथ म्हणजे तीच. भांडणात कुणी पोराच्या डोक्याकडे हात नेला तरी सासूबाई तो धरून खाली घ्यायच्या. मी म्हटलं, तसं नसतं हो. पण खरं सांगायचं तर मलाही नक्की ठाऊक नव्हतं, मी कधी कोर्ट पाहिलेलं? संध्याकाळी यांना विचारलं. हे हसले नाहीत, एवढं यांचं मोठेपण. म्हणाले, देवाला स्मरून खरं सांगते एवढंच म्हणायचं, कुणाच्या डोक्यावर हात नाही. सासूबाईंनी पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. मग अट घातली. तो खोलीत नको. दाराबाहेरसुद्धा नको, खाली थांबू दे.

अलीपूरच्या कोर्टात आम्ही दोघी जावा त्यांच्याबरोबर वर गेलो. भाऊजी खाली झाडाखाली. मॅजिस्ट्रेट बंगाली, वयस्कर, हिंदीत विचारलं की त्या महिन्यांत मुलगा इथेच होता का? सासूबाईंनी डोळे मिटले, कुलदेवतेचं नाव घेतलं आणि आमच्या घरच्या हिंदीत खणखणीत सांगितलं, "इधरच था. कहाँ जाएगा? दोन्ही टाइम मेरे सामने जेवता था."

मॅजिस्ट्रेटांनी 'जेवता'चा अर्थ विचारला. जावेनं चटकन बंगालीत सांगितला. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि सही केली.

परत येताना ट्राममध्ये आम्ही तिघी एका बाकावर. भाऊजी पुरुषांत उभे. मला राहवलं नाही. मी सासूबाईंच्या कानाशी लागून विचारलं, आई, हे बोललं की भाऊजी जाणार, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?

"ठाऊक होतं म्हणूनच सकाळी देवपूजेआधी दोन घास खाऊन घेतले," त्या म्हणाल्या. "आता घशाखाली काही उतरायचं नाही. घरी गेल्यावर तुम्ही वाढून घ्या, माझी वाट बघू नका."