आधी शाल, मग सिग्नल

"पहिले देखा, मंग बठा!"

प्रयोगशाळेच्या दारात पाहुणा दिसला की नाना गरजायचे. आवाज असा, की अमळनेरात ते बोलले तर एरंडोलच्या स्टँडवरचा कंडक्टर दचकून घंटी मारायचा आणि बस रिकामीच सुटायची.

त्यांचं तरुणपण कारखान्यात गेलं, तेलाला हायड्रोजन पाजून तूप थिजवण्यात. पुढे ते आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. शेजारच्या वर्गात मी पदार्थविज्ञान शिकवायचो, म्हणजे नाना श्वास घ्यायला थांबत तेव्हा.

सिग्नलचं खूळ लागलं ते अक्कांमुळे. या थोरल्या बहिणीचा एमआरआय जळगावला काढला. "गाठ दिखनी. पण ती जिती शे का मरेल, ते कोनले दिखनं नही," नाना सांगायचे. गाठ साखर कशी पचवते ते दिसलं असतं, तर औषध लागू पडतंय का हे कळलं असतं. पण त्या खाण्यापचवण्याचा सिग्नल इतका क्षीण, की यंत्राला तो ऐकूच येत नाही. अक्का गेल्या. नानांनी सिग्नल मोठा करायचं मनावर घेतलं.

त्यासाठी हायड्रोजन अतिथंड करावा लागतो, म्हणजे तो शिस्तीत येतो. थंडाव्याचा द्रव नायट्रोजन ते गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून, वळूंचं वीर्य गोठवायच्या साठ्यातून आणत. तालुक्यातल्या निम्म्या म्हशी त्यांच्यावर रुसल्या होत्या, शपथेवर सांगतो! मग गाठ जो रेणू खाते तो, आणि उत्प्रेरक. "हाऊ पंगतमधला यजमान शे भो. हायड्रोजनले आनि रेणूले घडीभर शेजारी बठाडस. हायड्रोजन आपली शिस्त त्याले देस नि उठी जास. रेणू तोच, आवाज हजारपट!"

फक्त तो आवाज मिनिटभरात विरतो. आणि माझं डोकं आजही तापतं ते इथेच.

प्रयोगशाळेची खोली चालू ठेवायची की बंद, हे ठरवायला समिती आली. नानांनी नळीत बुडबुडे सोडले, नळी घेऊन सिग्नल मोजायच्या यंत्राकडे धावले. "पहिले देखा!"

संस्थेचे अध्यक्ष आडवे आले. "नाना, रीत आहे. आधी पाहुण्यांचा सत्कार."

शाल. नारळ. फेटा. फेटेवाला तर जिल्ह्यातला सगळा कापूस एकाच डोक्याला गुंडाळत होता!

"साहेब, सिग्नल मरी जास ना!" नाना नळी उंच धरून विनवत होते. अध्यक्ष 'दोन शब्द' बोलत होते.

शेवटी नळी यंत्रात गेली तेव्हा पडद्यावर सपाट रेघ उमटली. "पुन्हा करून दाखवतो," नाना म्हणाले, तर समितीला वांग्याच्या भरिताची घाई. शेरा पडला: विशेष काही आढळले नाही. तुम्हीच सांगा, न बघता कुणाला काय आढळणार? खोलीला कुलूप लागलं. आता तिथे सत्काराच्या शाली ठेवतात.

गेल्या महिन्यात नाना गेले. शोकसभेत त्यांचा फोटो मांडला होता, नळी उंच धरलेला, तोंड उघडं. हार घातला तो एवढा जाड, की नळीच झाकली गेली. अध्यक्ष दोन शब्द बोलायला उभे राहिले. मी भाषणाच्या मधूनच पुढे गेलो आणि हार बाजूला सारला.

"अहो, आधी बसून घ्या," अध्यक्ष म्हणाले.

"पहिले देखा," मी म्हणालो.